पाठमोऱ्या माणसाचं चित्र

मेलेली माणसं माझ्याकडे पोस्टाच्या तिकिटाएवढी होऊन यायची. कुणाचा तरी मुलगा पाकीट काढायचा, पाकिटातून कागदाची पुडी, पुडीतून एक पिवळट चौकोन, आणि म्हणायचा, "आमचे बाबूजी होत. मोठे करून द्या." मी बाबूजींना मोठं करायचो. भंडाऱ्यात बसस्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीवरचे मोर, निवडणुकीच्या भिंती, सगळं रंगवायचो. पण घरची चूल पेटायची ती बाबूजींवर. नुसतं मोठं करून भागत नसे. "कोट घाला जी." जन्मभर बंडीत राहिलेल्या माणसाला मी कोट घालायचो. "टक्कल झाकता येते का?" झाकायचो. "चष्मा काढून टाका, त्यांना आवडत नव्हता." काढायचो, आणि मग चष्म्यामागचे डोळे कुठून आणू म्हणून ब्रश चावत बसायचो. साऱ्या जिल्ह्यात मेलेल्यांसाठी माझ्याइतके कोट कुठल्या शिंप्यानं शिवले नसतील.

आता थकलोय. उजवा खांदा कानाच्या वर जात नाही. शिडी बघितली की गुडघे आधीच नाही म्हणतात. चेहऱ्यांचा तर इतका कंटाळा आलाय की दाढी करताना आरशातही मी हनुवटीपुरताच बघतो. तरी चार माणसं जमली की मी सांगायला बसतो, सांगायला बसलो की हातवारे सुरू होतात आणि खांद्याची कळ विसरते. दुसऱ्या दिवशी ती दुप्पट होऊन येते. बायको म्हणते, गोष्टी सांगून दुखणं आणणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नाही.

चित्र माणसाच्या लक्षात कशानं राहतं, हे मला दिघोरीतल्या एका भिंतीनं शिकवलं. खताच्या जाहिरातीचं काम होतं. नमुन्याचं चित्र कुठून तरी दुरून आलेलं: हसरा शेतकरी, डोक्याला फेटा, मागे डोलणारं पीक. मी शहरगावचा माणूस. नमुना बघून बघून हुबेहूब उतरवलं आणि संध्याकाळी बिडी पेटवून लांबून पाहत बसलो. भाताच्या बांधीतून परतणारे लोक भिंतीपुढे थांबले. शेतकऱ्याचं हसू मी अर्धा दिवस घोटलं होतं, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. अक्षरांकडे तर नाहीच.

"का गा पेंटर, हे काय होय?"

"धान," मी छाती काढून म्हणालो.

"धान असं ताठ उभं राहते काय?"

दुसरा म्हणाला, "राहते ना गा. लोंबीत दाणाच नाही भरला तं वाकन कायले?"

तिसरा भिंतीला नाक लावून आला. "अबे, हा गहू होय! दिघोरीत गहू पेरून चालला पेंटर."

मी गहू पेरून आलो ते आलोच. पुढं त्या भिंतीवर चुना फिरला, चुन्यावर दुसऱ्या जाहिराती आल्या, पण त्या गावात पाहुण्याला पत्ता सांगताना लोक "गव्हाच्या भिंतीपाशी या" असंच म्हणत. खताचं नाव एकाला आठवत नव्हतं. तेव्हा मला कळलं, माणूस चित्रात स्वतःचं काय आहे तेवढंच शोधतो. सापडलं तर चित्र डोक्यात घेऊन घरी जातो. नाही सापडलं तर ते भिंतीवरच राहतं, कितीही झगझगीत रंग लावा.

हे मला कळलं होतं. तरी ते वापरायचं कसं, हे कळायला कारध्याच्या मायलेकी दुकानात याव्या लागल्या.

दोघी ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या घरच्या. कारधा म्हणजे आमच्या नदीच्या पलीकडचा काठ. पूल ओलांडला की आलं. आई दाराशीच टेकली, टोपली मांडीजवळ घेऊन. मुलगी सरळ आत आली आणि भिंतीवर वाळत ठेवलेले माझे कोटवाले बाबूजी एकेक करून पाहू लागली.

"फोटो?" मी हात पुढे केला.

"फोटोच नाही जी. म्हणून तं आलो."

"मंग काढू कशावरून?"

"पेंटर होय ना तुम्ही?"

"पेंटर होय व माय, अंतर्यामी नोहे."

ती हसली नाही. म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझं लगन हाये. मांडवातून निघताना पोरगी बापाच्या पाया पडते. बाप नसला तं फोटोच्या. माझ्यापुढं काय ठेवतीन? मी पाळण्यात होती तवा बाप तापानं गेला. मी त्याले पाह्यलंच नाही. मी कोनावर गेली, एवढं तरी पाहून जाऊ द्या ना."

मी नाहीच म्हणणार होतो. मागे एकदा असंच नुसत्या वर्णनावरून एका सरपंचाचा आजा काढला होता आणि तो त्यांच्या शत्रूच्या आज्यासारखा निघाला होता. पण त्याच वेळी आईनं टोपलीवरची पळसाची पानं सारली. मी तत्त्वाचा माणूस खरा. तरी मरळीनं शेपटी हलवली आणि माझी तत्त्वं टोपलीत पडली.

दुसऱ्या दिवशी कागद, कोळसा, फळी घेऊन मी कारध्यात. माझा हिशेब सोपा होता: फोटो नसेल, पण गावाला डोळे तर आहेत. एकेकाला विचारायचं, एकेक अवयव जमा करायचा आणि संध्याकाळपर्यंत माणूस उभा करायचा.

पहिला पकडला न्हावी. त्याच्याइतकं जवळून त्या माणसाचं तोंड दुसऱ्या कुणी पाहिलं असणार?

"डोक्यात मागं दोन भवरे होते," न्हावी लगेच म्हणाला. "केस बसतच नव्हते. दाढी राठ, हनुवटीखाली वस्तरा अडे. दोनदा रक्त काढलं मी त्याचं."

"नाक कसं होतं?"

"नाक?" न्हावी विचारात पडला. मग दोन बोटांनी हवेतलं नाक चिमटीत धरून त्यानं वर उचललं. "असं धरलं होतं ना जी मी. चिमटीतलं काय दिसन?"

दुसरा त्याचा जुना वैरी. नदीत जाळं टाकायच्या जागेवरून दोघांची जुंपलेली. आता म्हातारा झालेला, पण आठवण ताजी. "डाव्या हाताचा आंगठा," तो म्हणाला. "मोठा, चपटा, नख काळं. माझ्या गळ्यावर होता तो, इथं." मान वर करून त्यानं जागा दाखवली. मीही वाकून पाहिली.

"डोळे?"

"तवा माझेच डोळे बंद होते जी."

तिसरी त्याची आई, म्हणजे मुलीची आजी. खाटेवर बसूनच होती. तिनं सगळं दिलं, हातचं राखून न ठेवता. गाल फुगीर, रंग उजळ, समोरचे दात पडलेले, कपाळावर गोवरीच्या ढिगावरून पडला त्याची खोक. मी भराभरा काढत गेलो, आणि कागदावर पाहतो तर सहा-सात वर्षांचं पोरगं.

"माय, त्याचं लगन झालं होतं ना पण?"

"झालं होतं न. पण मोठा झाल्यावर घरी टिके कोण? नदीवरच राहे."

असे भवरे, आंगठा आणि पडलेले दात घेऊन मी अंगणात फळी मांडली. उरलेलं माझ्या पदरचं घातलं. नाक घातलं, डोळे घातले, मिशी घातली. गाव जमलं. मी पडदा उघडल्यासारखा कागद फिरवला.

लोक पुढे सरकून वाकून पाहू लागले. मग एक जण म्हणाला, "हा तं पटवारी होय."

"पटवारी कुठला गा? पटवाऱ्याले मिशी कुठं हाये?"

न्हाव्यानं डोकं तिरकं केलं. एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "वाईट नोका वाटून घेऊ, पेंटरभाऊ. पण हे तुम्हीच होय."

आणि होतोच! जिथं काही माहीत नव्हतं तिथं हातानं सवयीचं काढलं होतं. माझंच फेंदारलेलं नाक, माझ्याच पुढे आलेल्या भुवया, वर दोन भवरे. अंगण हसून लोळायला लागलं. म्हाताऱ्या वैऱ्याला ठसका लागला. "लगनाच्या मांडवात पेंटरच्या पाया पडन पोट्टी!" मीही कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला, हात उंचावून आशीर्वादही दिला. मला काय, हशा मिळाला की मी खूश.

मुलगी तेवढी हसत नव्हती. ती कागदाजवळ आली, पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे कोणालेच नाही आठवत." आणि घरात निघून गेली.

हशा तिथंच बसला. लोक पांगले. मी फळीच्या खुंट्या काढत होतो; दिवसभराच्या उन्हानं डोकं धरलं होतं आणि परत तो पूल ओलांडून जायचं होतं. मुलीची आई भिंतीशी बसून झिंगे निवडत होती. सकाळपासून सगळ्या गावाला विचारलं होतं, तिला विचारायचं राहिलंच होतं. खरं सांगायचं तर नवऱ्याबद्दल परक्या माणसानं बाईला विचारावं, हे मला बरं दिसलं नव्हतं.

"बाई, तुम्ही तं सांगा थोडं."

"मी काय सांगू जी."

"तोंड तं पाह्यलं असन ना?"

"कवा पाहू?" ती झिंग्यांवरून नजर न काढता म्हणाली. "दिवसा सासू-भासरे समोर, पदर इथवर. राती घरात दिवा नाही. बजारात गेलो तं तो पुढं, मी मागं. नदीवर गेलो तं त्याचं तोंड पाण्याकडं, मी काठावर टोपली घेऊन. मी तं जी पाठीसंगं संसार केला."

खाटेवरून आजी ओरडली, "खोटं नोको बोलू व! पोट्टी काय पाठीनं झाली?"

बाई पदरात तोंड घालून हसली. माझ्या हातातली खुंटी खाली पडली. हसू ओसरल्यावर ती आपणहून बोलू लागली, आणि मी परत फळी उभी केली.

डावा खांदा खाली उतरलेला, कावड नेहमी त्याच खांद्यावर असल्यामुळे. मानेच्या बुडाशी हाडाची गाठ. बंडीला उजव्या बाजूला ठिगळ. ते तिनंच लावलेलं, त्या रंगाचं कापड मिळालं नाही म्हणून निळं. जाळं टाकण्याआधी तो एक टोक दातात धरायचा, त्यामुळं मागून मान जरा डावीकडे वळलेली दिसे, कानाची पाळी तेवढी. आणि उजवा पाय पाण्यात गोल फिरवायचा, तळ चाचपत.

"कसा फिरवे?"

झिंग्यांची टोपली बाजूला करून ती उठली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, माझ्याकडे पाठ केली, डावा खांदा सोडला आणि नसलेलं जाळं दातात धरून अंगणातल्या धुळीत उजवा पाय फिरवला. आजी खाटेवर सरळ होऊन बसली. मी काढत सुटलो. सकाळपासून गावभर फिरून जे मिळालं नव्हतं ते समोर उभं होतं.

दुकानात येऊन मी ते हार्डबोर्डवर तेलरंगात केलं. गुळगुळीत बाजूवर माणूस, गुडघाभर वैनगंगा, निळं ठिगळ. या वेळी कोट नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी चौकटीत बसवून कारध्याला नेलं आणि मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवलं. या वेळी मी काही नाटक केलं नाही. गाठोडं सोडलं आणि बाजूला झालो.

म्हातारा वैरी मांडवाला आंब्याची पानं बांधत होता. चित्रासमोरून जाता जाता तो चित्राला म्हणाला, "सरक बे, माझ्या जागेवर उभा हायेस." आणि पुढे गेला. मग थबकला. परत आला आणि पानं हातात धरून उभा राहिला. न्हाव्यानं भवरे मोजले, दोन होते. आजीला दोघांनी धरून आणलं. तिला नीट दिसत नव्हतं, तरी तिनं विचारलं, "हा भर दुपारी कुठं चालला न जेवता?" हे कोण, असं कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही.

मुलीच्या अंगाला हळद लागलेली. ती चित्राजवळ खाली बसली. तिनं पाय पाहिले, ठिगळ पाहिलं, खांदा पाहिला.

"तोंड?"

"तोंड पाण्याकडं," मी म्हणालो.

"मी पाया पडीन, तं याले मी दिसन कशी?"

मी फडकं काढून चौकट पुसू लागलो. दुसऱ्या दिवशी ती त्या पाठमोऱ्या माणसाच्या टाचांवर डोकं ठेवून निघाली आणि चित्र तिच्यासोबत सासरी कोंढ्याला गेलं. मी पंगतीत पोटभर जेवलो. पण पुलावरून येताना चाल जड झाली होती, आणि ती काही वरणभातानं नव्हे. गावानं त्याला ओळखलं, बायकोनं ओळखलं. जिच्यासाठी काढलं तिच्याकडे मात्र त्यानं पाठच केली होती. तोंड काढून देता आलं असतं मला, माझ्या नाकाचं.

मग वर्षं गेली. ऐंशीच्या दशकात गावोगाव फोटो स्टुडिओ झाले. मेलेली माणसं आता रंगीत आणि आधीच मोठी होऊन भिंतीवर जायला लागली, त्यांना माझी गरज उरली नाही. भिंतींची कामंही कमी झाली. मी दुकानात नंबरप्लेटी रंगवत बसायचो, दुपारी तिथंच फळीवर आडवा व्हायचो आणि गिऱ्हाईक आलं तरी डोळे उघडायचा कंटाळा करायचो.

अशाच एका दुपारी ती आली. अंगानं भरलेली, कडेला चौकटीएवढं गाठोडं, बोटाला धरलेली पोरगी. शाळेत नुकतीच घातलेली असावी. चेहऱ्यावरून ओळखलं नाही मी. बसल्या बसल्या गाठोडं सोडलं तेव्हा निळं ठिगळ दिसलं.

"रंग उडाला काय?" मी विचारलं.

"नाही जी. समोरून जसंच्या तसं हाये." तिनं पोरीच्या डोक्यावर हलकी टपली मारली. "ही होय न कारभारीण. दिसभर एकच, आजा इकडं कवा पाह्यते? मी म्हणो, जाळं टाकून झालं की पाहीन. ऐकते थोडी! एक दिवस मी बांधीत गेली, तं हिनं स्टुलावर चढून काढलं खाली. अन् उलटवलं."

"कायले?"

पोरगी माझ्याकडे असं पाहू लागली की मीच बावळट. "तिकडून पाठ दिसते," ती म्हणाली, "मंग तोंड इकडून राहीन ना!"

इकडून काहीच नव्हतं. हार्डबोर्डची खरखरीत तपकिरी बाजू. आई सांगत होती, पोरगी आधी रडली, पेंटर काढायचं विसरला म्हणून. मग चुलीतला विझलेला कोळसा घेऊन तिनं स्वतःच काम पुरं केलं.

मी चौकट फिरवली. एवढं मोठं गोल तोंड. एक डोळा वाटीएवढा, दुसरा बशीएवढा. मिशी कानापासून कानापर्यंत, त्याखाली सगळे दात, मोजून घ्यावेत असे. कपाळावर टिकली. पोरीच्या कपाळावर होती, मग आज्याला का नको?

सवयीनं माझा हात ओल्या फडक्याकडे गेला. "कोळसाच हाये, निघून जाते."

तिनं माझं मनगट धरलं. "पुसू नोका! त्याच्यासाठीच तं कोंढ्याहून आली. हात लागला की पसरून राह्यलं ते. पक्कं करून द्या."

"घरात लावता कोणत्या बाजूनं?"

"पाहुणे आले की पाठ. घरचेच असलो की तोंड."

"तुमच्या आईनं पाह्यलं काय हे?"

"पाह्यलं न. मागं येऊन गेली." ती थोडं थांबली. "पटकन पदर घेतला डोक्यावर."

कोळशावर ब्रश चालत नाही, सगळं फरफटतं. लाखेचा चपडा स्पिरिटात पातळ करायचा आणि बारीक नळीनं तोंडानं फुंकून त्याचा फवारा बसवायचा, हळूहळू, थरावर थर. दमाचं काम आहे. मी ते कित्येक वर्षांत केलं नव्हतं. चपडा भिजवला, नळी शोधून धुतली, चौकट भिंतीला टेकवली. आई त्या तोंडासमोर खाली बसली. पदरानं घाम पुसला, केस कानामागे सारले आणि जरा डावीकडे सरकली, बशीएवढ्या डोळ्याच्या समोर.

मी छाती भरून श्वास घेतला, नळी तोंडात धरली. इतक्यात पोरीनं माझा सदरा ओढला.

"आज्याच्या डोळ्यात जाईन ना!"

मी नळी काढली आणि तिच्या आईकडे पाहिलं.

"मंग त्याले सांग न," आई म्हणाली, "डोळे मीट म्हणा."

पोरगी चौकटीपाशी गेली, कोळशाच्या कानाला तोंड लावून काहीतरी पुटपुटली, मागे सरली आणि मला मानेनं खूण केली. मी त्याला डोळे मिटायला जरा वेळ दिला आणि मग फुंकलं.